शब्द पूर्ण होऊ द्या



मिस्सामध्ये वाचन करताना ‘थेस्सलनीकाकरांस’ या शब्दापाशी भलेभले वाचक अडखळतात. आपण गालात हसतो आणि विसरून जातो. पण आपल्यातल्या काहींना रोजचा साधा शब्दही तितकाच जड जातो.

अशा माणसाला आपण ‘तोतरा’ म्हणतो. लागोपाठ दोन ‘त’! ज्याची जीभ पहिल्या अक्षरावरच अडते, त्याने आपली अडचण सांगावी तरी कशी? इंग्रजीत ‘स’ नीट न येण्याला ‘लिस्प’ म्हणतात. त्या नावातही ‘स’ आहेच. ही नावे ठेवणारे सगळे सरळ बोलणारे असावेत! याहून मोठी थट्टा म्हणजे, अडखळणाऱ्या अनेकांना सर्वांत कठीण जाणारा शब्द असतो स्वतःचे नाव. ‘पाणी’ अडले तर ‘जल’ म्हणता येते. नावाला दुसरा शब्द नसतो.

उच्चारावरून माणूस तोलला की काय होते, हे जुन्या करारात शास्ते पुस्तकाच्या 12व्या अध्यायात वाचायला मिळते. गिलादी लोकांनी यार्देन नदीचे उतार अडवले. पार जाऊ पाहणाऱ्याला ते ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावत. एफ्राइमी माणसाच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ निघे आणि तो मारला जाई. त्या वेळी 42,000 एफ्राइमी पडले, असे तेथे सांगितले आहे. दोघेही इस्राएलचेच, म्हणजे भाऊ भाऊ. आणि शिब्बोलेथचा एक अर्थ आहे धान्याचे कणीस! पोट भरणाऱ्या वस्तूचे नाव भावाच्या जिवावर उठले.

आपण कोणाला मारत नाही. पण समोरचा अडखळला की त्याचे वाक्य आपणच पूर्ण करतो. ही मदत आहे का? आपला हेतू चांगला असतो, हे खरे. पण पुष्कळदा आपल्याला थांबणे सहन होत नाही, म्हणून आपण बोलतो. त्याने कष्टाने ओठांपर्यंत आणलेला शब्द आपण हिसकावून घेतो, आणि त्याला जे म्हणायचे होते त्याऐवजी आपल्याला सुचलेलेच ऐकतो.

मार्कच्या शुभवर्तमानातील 7व्या अध्यायात बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला प्रभू येशूकडे आणतात. येशू प्रथम काय करतो? त्याला गर्दीपासून बाजूला, एकांतात नेतो. जीभ मोकळी होण्याआधी त्या माणसाची लोकांच्या नजरांतून सुटका होते. जीभ बरी करणे आपल्या हाती नाही. नजर मात्र आपली आहे.

22 ऑक्टोबर हा दिवस तोतरेपणाविषयी जागृतीसाठी जगभर पाळला जातो. पण त्या तारखेची वाट कशाला पाहायची? आजच मिस्सानंतर चर्चच्या आवारात कोणी बोलता बोलता अडला, तर घड्याळाकडे पाहू नका, शब्द पुरवू नका. एखादे लेकरू आपले नाव सांगताना थांबले, तर तुम्हीही थांबा. ते नाव त्याचे आहे. त्यालाच सांगू द्या.