दानाचा देश आणि काळ

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना परतफेडीची अपेक्षा नसावी असे म्हटले आहेच, शिवाय देश, काळ आणि पात्र पाहून द्यावे असेही म्हटले आहे. शांकरभाष्यानुसार देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखे पुण्यस्थळ, काळ म्हणजे संक्रांतीसारखे पर्व आणि पात्र म्हणजे वेदवेदांगांत पारंगत असलेला पुरुष. रस्त्यावर वाढणारे मूल या चौकटीत कोठेच बसत नाही. परंतु देश आणि काळ देणाऱ्याच्या पुण्यसंचयाचे न मानता घेणाऱ्याच्या जगण्याचे मानले, तर तेच वचन या मुलाच्या बाजूने उभे राहते. आणि परतफेड ज्याच्याकडून संभवतच नाही, त्याच्याहून योग्य पात्र दुसरे कोणते असणार?

पालघर जिल्ह्याला हा अर्थ आचरणातून परिचित आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसताच शाळाच चराईच्या रानात नेण्यात आली. हीच कुरणशाळा. खडे, शिंपले, बिया हे तेथले शिक्षणसाहित्य होते, म्हणजे मुलाच्या हाताला जे लागते त्यातूनच अक्षर आणि अंक उभे राहत.

तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या सालवडसारख्या गावी रोजगारासाठी दूरवरून कुटुंबे येतात. अशा ठिकाणी भंगार वेचणाऱ्या मुलाची सकाळ गोणी भरण्यात जाते. तांब्याची तार वेगळी, प्लॅस्टिक वेगळे, पत्रा वेगळा, हे वर्गीकरण आणि काट्यावरचा किलोचा हिशेब त्याला शाळेविना येतो. मूठभर स्वयंसेवकांच्या संस्थेने त्याच हिशेबापासून गणित सुरू केले, तर कोसबाडची पद्धत जिवंत राहील. मात्र स्वयंसेवकाची सवड हा मुलाचा काळ नव्हे. वाढदिवसाला खाऊ वाटून वर्षभर न फिरकणारा दाता आपलेच पर्व साजरे करतो, आणि ज्याला मोठी माणसे सोडून जाण्याची सवय झाली आहे, त्या मुलाला आणखी एक माणूस सोडून जातो. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी न चुकता येणे हे अशा संस्थेचे पहिले दान होय.

एकटे सापडलेल्या मुलाच्या बाबतीत तर काळ कायद्यानेच बांधलेला आहे: बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशा बालकाला, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे बालकांच्या संरक्षणाचा निर्णय देणाऱ्या जिल्हास्तरीय मंडळापुढे, हजर करावे लागते.