मूळपणाचा पक्ष : बॉनव्हिलच्या कार्बोरेटरांविषयी एक संवाद

मेरिडनच्या कारखान्यातून १९५९ च्या हंगामासाठी बाहेर पडलेली ट्रायम्फ बॉनव्हिल टी १२० ही ६५० सी.सी.ची इंग्लिश मोटरसायकल दोन सिलिंडरांसाठी जेवढी, तेवढीच त्या सिलिंडरांना स्वतंत्रपणे पेट्रोल पुरवणाऱ्या दोन कार्बोरेटरांसाठी ओळखली गेली. हवेच्या झोतात पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणे हे कार्बोरेटरचे काम असून थ्रॉटलच्या तारेने वरखाली होणारी ‘स्लाइड’ त्या झोताची वाट कमीजास्त करते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या गाडीवर बसवल्या गेलेल्या ‘अमल कॉन्सेंट्रिक’ कार्बोरेटरमध्ये, म्हणजे ज्याची पेट्रोलची वाटी पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य जेटच्या सभोवती असते अशा रचनेत, अंग आणि स्लाइड हे दोन्ही भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असल्याने ते एकमेकांना घासून झिजतात. अशी स्लाइड बोटांनी हलवली तरी खडखडते, तिच्या इंजिनाकडील बाजूवर घासून चकाकणारे पट्टे दिसतात, आणि फटीतून जादा हवा शिरल्याने इंजिन मंद गतीवर स्थिर राहत नाही. अशा १९७० सालच्या गाडीवर आता कोणती जोडी बसवावी, हा एका संग्राहकात आणि एका कारागिरात उपस्थित झालेला प्रश्न वरवर सुट्या भागांचा वाटतो, परंतु तो तसा नाही.

संग्राहक : गाडीवर अमलच बसली पाहिजे. मिकुनी हा जपानी कार्बोरेटर कितीही निर्दोष असला तरी तो ज्या कारखान्यांनी मेरिडनची बाजारपेठ हिरावून घेतली, त्यांच्या घरचा आहे.

कारागीर : अमल म्हणजे कोणती? सुरुवातीच्या बॉनव्हिलवर ‘मोनोब्लॉक’ होती, जिची पेट्रोलची वाटी एका बाजूला असे. कारखान्याने स्वतःच ती काढून कॉन्सेंट्रिक बसवली, आणि टाकीवरचे नाव मात्र तेच राहिले.

संग्राहक : त्या त्या वर्षाच्या गाडीला त्या त्या वर्षाचा कार्बोरेटर, एवढाच आग्रह आहे. कॉन्सेंट्रिक आजही नव्याने तयार होते.

कारागीर : नव्याने मिळते त्या ‘प्रीमियर’ प्रकारात स्लाइड कठीण लेप चढवलेल्या अॅल्युमिनियमची असते आणि मंद गतीचे जेट काढून साफ करता येते. जुन्या जोडीत हे दोन्ही नव्हते. म्हणजे धातू बदललेला चालतो, आतली रचना बदललेली चालते, बाहेरून दिसणारा आकार तेवढा बदललेला चालत नाही. तुमची निष्ठा मोटरसायकलशी नसून तिच्या छायाचित्राशी आहे.

या वाक्यावर संवाद बराच काळ अडून राहिला, आणि ते रास्तच होते, कारण संग्राहकाला त्यातून सहज वाट सापडणारी नव्हती. त्याने बौद्ध भिक्षू नागसेनाचा दाखला पुढे केला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात रथ म्हणजे चाक नव्हे, आस नव्हे, जू नव्हे, असे तो भिक्षू ग्रीक राजाला पटवून देतो. परंतु असल्या वादात हमखास ओढून आणला जाणारा हा दाखला येथे निरुपयोगी आहे, कारण गाडी ‘तीच’ राहते का, हा येथील प्रश्न नव्हता, तर तिच्या इतिहासातील कोणत्या क्षणाला अधिकार द्यावा, हा होता.

संग्राहक : मग वापरणाऱ्याच्या कृतीला अधिकार द्यावा. थंड इंजिन सुरू करण्यापूर्वी टिकलर, म्हणजे वाटीतला तरंगता फ्लोट खाली दाबून पेट्रोल ओसंडू देणारी छोटी कळ, बोट ओले होईपर्यंत दाबून ठेवावी लागते. मिकुनीत तिच्या जागी चोकची दांडी येते. ही सवय नाहीशी झाली की गाडीची अर्धी ओळख नाहीशी होते.

कारागीर : त्या सवयीला गरज म्हणत असत. शिवाय ज्या पेट्रोलसाठी १९७० सालचे जेट निवडले गेले, ते शिसेयुक्त पेट्रोल ब्रिटनमध्ये २००० सालापासून सर्वसाधारण विक्रीतून गेले, आणि २०२१ पासून तेथे नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पेट्रोलला कमी, हवेला जास्त असे ‘लीन’ होते. मूळ जेट तसेच ठेवणे म्हणजे मूळ मिश्रण बिघडवणे.

संग्राहकाने जेट बदलण्यास मान्यता दिली, आणि येथे त्याच्या पक्षाची मोठी हानी झाली, कारण कार्य टिकवण्यासाठी भाग बदलावा हे तत्त्व एका जेटपुरते मान्य केल्यावर ते संपूर्ण कार्बोरेटरला का लागू होऊ नये, याचे उत्तर त्याच्याजवळ उरले नाही. उलट व्हेनिसच्या १९६४ सालच्या वास्तुसंवर्धन सनदेपासून रुजलेल्या विचारातून त्याला आधार घेता आला असता, तो असा की जुने ते नष्ट न करता नवे उलटवता येईल अशा रीतीने बसवावे. तसा आधार घेण्याचे सोडून तो अचानक कार्बोरेटरांच्या संख्येकडे वळला.

संग्राहक : काही जण दोन्ही काढून एकच मिकुनी बसवतात. मग ती ट्रायम्फचीच एका कार्बोरेटरची टीआर ६ नव्हे का?

कारागीर : जवळपास तीच. दोन्ही पिस्टन बरोबर वरखाली होतात आणि आळीपाळीने जळतात, त्यामुळे हवा ओढण्याचे ठोके सम अंतराने पडतात आणि एक कार्बोरेटर दोघांना पुरतो. दोन स्लाइड एकाच वेळी सारख्या उचलल्या जाव्यात म्हणून तारांशी जो झगडा करावा लागतो, तोही मिटतो. परंतु बॉनव्हिलचे इनलेट मार्ग एकमेकांपासून फाकलेले आहेत, ते जोडायला नवी वाकडी नळी लागते. मेरिडनने ग्राहकाला विकली ती दोन कार्बोरेटरांची ऐट. ती मोडायला तुमच्यापेक्षा आमची तयारी कमी आहे.

या ठिकाणी पक्ष अनपेक्षितपणे बदलले, आणि संख्येच्या बाबतीत कारागीर संग्राहकापेक्षा अधिक सनातनी ठरला, मात्र नावाच्या बाबतीत त्याने माघार घेतली नाही.

संग्राहक : मग दोन प्रीमियर.

कारागीर : चालतील, परंतु त्यांना ‘मूळ’ म्हणू नका. आणि दोन मिकुनी बसवल्या तरी कार्बोरेटर ज्यांवर बसतात ते जुने स्टब कापू देऊ नका.