घेणाऱ्याची जीभ

रोलेक्सचे पोलादी डेटोना घड्याळ पुनर्विक्रीच्या बाजारात दुकानातील किमतीपेक्षा पुष्कळ महाग विकले जाते. म्हणून विक्रेते गिऱ्हाईक पारखून घेतात, आणि उद्याच ते विकू पाहणारा "हे मी जन्मभर वापरीन" असे सांगतो. हल्ली असे बोलणे कसे रचावे हे चॅटजीपीटीसारख्या यंत्राला विचारता येते. दिवंगत पित्याची आठवण सांगा, असेही ते सुचवू शकते.

नीतिसूत्रे 20:14 मधील घेणारा पाहा. मालाला नावे ठेवून तो भाव पाडतो आणि बाहेर पडताच बढाई मारतो. आजचा घेणारा उलट प्रेम दाखवतो, लबाडी तीच. मूळ इब्रीत त्या बढाईच्या क्रियापदाचा धातू 'हालेलूया'तीलच आहे! मराठीत तो आणता येत नाही, ही माझी जुनी खंत.

नको असलेला माल आधी गळ्यात मारणारे दुकानदारही निर्दोष नव्हेत. त्यांनी त्याच अध्यायातील खोट्या वजनांविषयीचे 10 वे वचन वाचावे. नफ्याने विकणे पाप नव्हे. पण यंत्राचे वाक्य दुकानात उच्चारणारे मुख कोणाचे? यंत्राला पिता नाही. तुम्हांला होता; त्याचे नाव तुम्ही कोणत्या भावाने विकणार?