शेवट पटला का?

गेल्या १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, एका शाळेत मी श्रोता म्हणून बसलो होतो. प्रमुख पाहुण्यांनी वीस मिनिटं मोबाइलला झोडपलं, 'आमची पिढी वाचून घडली, ही पिढी बघून बिघडली' असं टाळीचं यमक जुळवलं आणि शेवटी मुलांना बजावलं, 'वाचाल तर वाचाल!' हेच वाक्य त्यांच्या मागच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. पाहुणे माझे जुने स्नेही. परतताना गाडीत मी विचारलं, "सध्या काय वाचताय?" म्हणाले, "वेळ कुठे मिळतो हो!"

हा लेख म्हणजे त्या उत्तरावर उगवलेला सूड आहे.

'वाचाल तर वाचाल' यातला पहिला 'वाचाल' सल्ला आहे, दुसरा धमकी. पेरू खाणाऱ्या पोराला 'खाल तर जगाल' असं कुणी सांगत नाही. वाचनाला औषध ठरवलं की मुलंही ते नाक दाबूनच घेणार. आणि 'आमची पिढी' म्हणजे नक्की कोण? १९७४ सालचा माझा पाचवीचा वर्ग मला आठवतो. पंचेचाळीस पोरांत अवांतर वाचणारे आम्ही तिघं. बाकीचे विहिरीत सूर मारत, गुरं वळत, नाहीतर बापाच्या दुकानात पुड्या बांधत. आम्ही वाचत होतो, कारण एकाला दमा होता, एकाला जाड भिंगाचा चष्मा होता आणि मला पोहता येत नव्हतं. उरलेले बेचाळीस जण पुढे आमच्याइतकेच घडले आणि आमच्याइतकेच बिघडले. कपाटभर पुस्तकं वाचून जात पाळणारे आणि हुंडा मोजून घेणारे याच पिढीत निघाले. तेव्हा ते यमक राहू द्या.

आमच्या गावचं वाचनालय 'ड' वर्गातलं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली. त्यातल्या शेवटच्या पायरीवर आमची एक खोली, चार कपाटं आणि एक करकरणारं बाकडं. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा इतक्या हातांतून फिरलेल्या, की पानांचे कोपरे तेलकट होऊन आरपार दिसत. झुंजारच्या एका पुस्तकात पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'साफ खोटं.' त्याखाली तिसऱ्या अक्षरात, 'दोघेही गाढव.' या तिघांचा निवाडा करायला म्हणून मी आयुष्यातलं पहिलं जाड पुस्तक एका बैठकीत संपवलं. दुसरा बरोबर होता.

तिथले ग्रंथपाल दिवसभर सोसायटीत कारकुनी करत आणि संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडत. आम्ही त्यांना काका म्हणायचो. पुस्तक परत केलं की तारखेचा शिक्का हातात धरून ते विचारत, "शेवट पटला का?" 'हो' म्हटलं तर लगेच शिक्का. 'नाही' म्हटलं तर, "का नाही, ते सांग." सांगितल्याशिवाय नवं पुस्तक नाही. 'श्यामची आई' परत देताना मी म्हणालो, "श्याम फार रडतो." घरी हेच बोललो असतो तर पाठीत धपाटा बसला असता. काकांनी शिक्का खाली ठेवला आणि कुठे कुठे रडतो ते मला पानं उघडून दाखवायला लावलं. दाखवता दाखवता दोन ठिकाणी माझाच आवाज घोगरा झाला. ते त्यांनी पाहिलं, बोलले मात्र नाहीत.

वाचनावर भाषणं करणाऱ्यांनी एक गोष्ट फुरसतीने वाचावी. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा एकटाच वाचत बसलेला असे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षकही तिथे वाचायला येत. त्यांनी चौकशी केली आणि मुलाला पुस्तकं द्यायला सुरुवात केली. पुढे तो परीक्षा पास झाला म्हणून समाजाने सभा भरवली, तेव्हा केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. मुलगा होता भीमराव आंबेडकर. नंतरचा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच १९५६ मध्ये लिहून ठेवलाय. ते चरित्र वाचून मुलगा थेट वडिलांपुढे उभा राहिला. हे आम्हाला आधी का वाचायला दिलं नाही? ज्यांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी, ते रामायण-महाभारतच आमच्याकडून का वाचून घेता? रामजी सुभेदारांना प्रश्न आवडला नाही, पण पुढे त्यांनी उत्तर दिलं. आपण अस्पृश्य, मनात कमीपणा घर करू नये म्हणून. द्रोण, कर्ण कुठून कुठे पोचले बघ, वाल्मीकी तर कोळी होता. मुलाला ते पुरतं पटलं नाही. महाभारतातलं एकही पात्र त्याच्या मनात भरलं नाही.

मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकणारा हा बाप. त्याने वाचायला दिलेलं मुलाने नाकारलं, आणि तरी दोघांचंही वाचन सार्थकी लागलं. केळुसकरांच्या पुस्तकाचा जाब मुलगा बापाला विचारतो आणि सुमारे अर्धशतकाने, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन त्याचं उत्तर स्वतःच देतो. मधली कारणं शंभर असतील, मान्य. पण त्या पुस्तकाशी मांडलेला हिशेब त्याने अर्ध्यावर सोडला नाही.

पाहुणे म्हणतील, आंबेडकर कोटीत एक, त्यावरून नियम कसा काढता? पण केळुसकरांना ते कुठे ठाऊक होतं? त्यांना बागेत वाचणारं एक पोर दिसलं, एवढंच.

इथून पुढे मी नव्या पिढीचं वकीलपत्र घेणार होतो. साक्षीदार म्हणून दहा वर्षांची नातही तयार होती. कोरियन मालिकेच्या तळाशी धावणारी वाक्यं, मैत्रिणींचे निरोप, खेळांचे नियम, दिवसभरात ही पोर माझ्या पाचवीतल्या महिन्याइतकी अक्षरं वाचते, असं लिहायचं मनात होतं. त्यासाठी तिच्या हातात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दिला. दहा पानांनंतर ती म्हणाली, "आजोबा, पुढे काय होतं ते थोडक्यात सांगा ना." मी चार वाक्यांत सांगून टाकलं. "भारी आहे," म्हणाली आणि पुस्तक मिटून निघून गेली.

तिच्या हातात तेव्हा मोबाइल नव्हता. थोडक्यात सांगून मोकळं करणारं यंत्र मीच झालो होतो. माझं वकीलपत्र तिथेच बारगळलं. मोजलेल्या त्या अक्षरांपैकी एकाशीही ती भांडली नव्हती, आणि भांडली असती तरी ऐकायला कोण बसलं होतं? माझ्या उशाशी प्रदर्शनातून आणलेल्या सात पुस्तकांची चळत आहे. चारांत खुणेची पट्टी विसाव्या पानाच्या आसपास अडकलीय. पाहुण्यांचं 'वेळ कुठे मिळतो' मला झोंबलं, कारण ते माझंही उत्तर होतं. वाचणारी पोरं तेव्हाही पंचेचाळिसांत तीनच होती. कमी झाले ते शिक्का हातात धरून थांबणारे काका. ती जागा आता आमच्या वयाच्या लोकांनी भरायची, तर आम्ही व्यासपीठावर बसलोय.

पुढच्या सुट्टीत मी तिला दुसरा फास्टर फेणे दिला. तिने पुन्हा शेवट विचारला. मी सांगितलं, "फेणे हरतो आणि चोर पळून जातो." चौथ्या दिवशी रात्री फोन आला, "आजोबा, तुम्ही साफ खोटं सांगितलंत!" मी म्हटलं, "बरं. मग खरा शेवट पटला का?" "नाही," ती म्हणाली आणि का नाही ते पाऊण तास सांगत राहिली.

पुढच्या १५ ऑक्टोबरला पाहुण्यांनी भाषणाऐवजी हा एवढाच प्रश्न विचारावा. विचारून झाल्यावर मात्र खाली बसून ऐकावं लागेल.