बारा दिवसांची क्षमा



ऑक्टोबर हा पवित्र रोझरीचा महिना. नाहूरमधील आमच्या विभागात आम्ही रोज एकेका घरी रोझरीसाठी जमत होतो. एका शनिवारी प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटून झाले आणि त्या घरच्या मुलांनी आग्रह धरला की आज सर्वांनी बसून एक सिनेमा पाहायचा. सिनेमा होता 2004 साली आलेला 'ट्रॉय'. होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या 'इलियड' या महाकाव्यावर तो आधारलेला आहे.

आमच्यातील काही ज्येष्ठांनी नाक मुरडले. रोझरीनंतर मारामारीचा सिनेमा, तोही ग्रीक देवदेवतांच्या काळातला! ही शंका जुनीच आहे. चौथ्या शतकात संत बेसिल यांनी तरुणांना ग्रीक साहित्य कसे वाचावे हे सांगताना मधमाशीचा दाखला दिला होता. मधमाशी प्रत्येक फुलावर बसत नाही आणि ज्यावर बसते त्यातलेही सगळेच उचलत नाही. कामाचे तेवढे घेते, बाकीचे सोडून देते.

पावणेतीन तासांच्या त्या सिनेमातून आम्ही एकच प्रसंग उचलला. अकिलीस या ग्रीक योद्ध्याचा जिवलग हेक्टरच्या हातून मारला जातो. संतापलेला अकिलीस हेक्टरला ठार करतो आणि त्याचे प्रेत रथामागे बांधून फरफटत नेतो. त्या रात्री हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रियाम, शत्रूच्या तंबूत येतो. ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्याच हातांचे तो चुंबन घेतो आणि मुलाचे प्रेत मागतो. इतका वेळ तलवारबाजीवर खूश असलेली आमची मुले एकदम गप्प झाली. एक आजीबाई एवढेच म्हणाल्या, "पोराच्या मातीसाठी बापाने केवढं केलं!"

मूळ काव्यात हा प्रसंग अधिक खोल आहे. प्रियामकडे पाहून अकिलीसला स्वतःचा म्हातारा बाप आठवतो. दोघेही रडतात. मग अकिलीस हेक्टरचे प्रेत धुववून, वस्त्रात गुंडाळवून परत देतो आणि दोघे शत्रू एकत्र जेवायला बसतात.

पण पुढे काय? सिनेमात अकिलीस बारा दिवस लढाई थांबवण्याचे वचन देतो. काव्यात तर प्रियाम दिवसांचा हिशेबच मांडतो: नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी अंत्यविधी, अकराव्या दिवशी समाधी आणि बाराव्या दिवशी, लढावेच लागले तर, पुन्हा लढाई.

बंधू-भगिनींनो, हा हिशेब आपल्या ओळखीचा नाही काय? जागेच्या हिश्श्यावरून भाऊ-भाऊ बोलत नाहीत. घरात मयत झाले की दोघे मिळून शवपेटीला खांदा देतात, गळ्यात पडून रडतात. महिन्याच्या मिस्सेपर्यंत सारे सुरळीत चालते. मग वकिलाची नोटीस येते. आपण याला समेट म्हणतो, पण ती बारा दिवसांची क्षमा असते.

आम्ही स्वतःला यातून वगळत नाही. त्या शनिवारी त्या खोलीत अशीही दोन घरे होती, जी रोझरीला शेजारी बसतात पण एकमेकांकडचा चहा घेत नाहीत. सिनेमा संपला, दिवे लागले. कोणीही उठून कोणाचा हात धरला नाही. तेच आम्हाला अजून बोचते आहे.

किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे संत पेत्राने विचारले, तेव्हा प्रभू येशूने मोजणेच बंद करायला सांगितले. आणि त्याने नुसते सांगितले नाही. प्रियाम मारणाऱ्याच्या दारी गेला तो मुलाचे शरीर मागायला. आपल्या पापांमुळे ज्याचा पुत्र क्रुसावर खिळला गेला, तो स्वर्गीय पिता मात्र त्याच पुत्राचे शरीर प्रत्येक मिस्सेत आपल्याला भोजन म्हणून देतो. त्या भोजनानंतर बारावा दिवस नाही.

येत्या 2 नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिनी, आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावू. काही कबरींवर एकाच आईबापाची दोन अबोल मुले वेगवेगळ्या वेळी येऊन जातील. यंदा एकाने दुसऱ्यासाठी थोडे थांबावे. पहिले पाऊल कोणी टाकायचे याचा वाद नको. प्रियामचे नुकसान मोठे होते, तरी तोच आधी निघाला.

हे प्रभो, आम्हाला दिवस न मोजता क्षमा करण्याची आणि क्षमा मागण्याची कृपा दे. आमेन.