खुंटी

पोळा झाला की अर्जुनी मोरगावच्या शिवारात थोडे दिवस हात मोकळे असतात. रोवणी आटोपलेली असते, धान अजून निसवायचा असतो. कबड्डीच्या पंचांचा सराव याच दिवसांत होई. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दिवसा सामने आणि रात्री नाटक. मग सराव कुठला!

चमू सहा जणांचा. एक सरपंच (गावचा नव्हे, मैदानावरचा), दोन पंच, एक गुणलेखक आणि बाद गड्यांचा हिशेब ठेवणारे दोन सहायक. सरपंच होते एक निवृत्त गुरुजी. त्यांनी तीन रविवार ठरवले. आधी नियमांचं वाचन, मग हातांच्या खुणा, शेवटी पोरांचे दोन संघ खेळवून प्रत्यक्ष सराव.

पहिल्या रविवारी पाचच जण आले. दुसऱ्या रविवारीही पाचच. आला नव्हता तो थोरला पंच. चमूतली सगळ्यात खणखणीत शिटी त्याचीच. त्याचा निरोप आला, "सामन्याच्या दिवशी वेळेवर येतो. बाकी मले काय शिकायचं आहे?"

"काढून टाका त्याला," तरुण सहायक चिडून म्हणाले. गुणलेखक म्हणाला, "असू द्या, तो उभा राहिला की निभते." गुरुजींना दोन्ही पटलं नाही. त्यांनी सायकल काढली आणि त्याच्या शेताचा रस्ता धरला.

पंच धुऱ्यावर वाकून खेकड्याचं बीळ बुजवत होता. बांधीतलं पाणी त्या बिळातून नाल्याला चाललं होतं. कोलू पाटील कोहळी याने नवेगावचा बांध घातला असं सांगणारा हा मुलूख, इथे गळणारं पाणी कोणाला बघवत नाही. गुरुजींनीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलाचे गोळे करून देऊ लागले. बीळ बुजेपर्यंत कोणी बोललं नाही.

"पंधरा वर्स शिटी वाजवून राहिलो गुरुजी," शेवटी पंचच म्हणाला.

"म्हणूनच तर आलो. नियम तुला येतात रे. पण चढाईवाला बोनस रेषेवर गेला की तू पाय बघणार की हात, हे समोरच्या पंचाला ठाऊक नाही. मग दोघंही पाय बघाल आणि हात कोणीच बघणार नाही. तू सरावाला येत नाहीस तेव्हा तुझं काही जात नाही, बाकी पाचांचं जातं. आणि खेळणाऱ्या पोरांचं."

पंच हाताचा चिखल काढत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मागच्या मंडईत तो बोनस मी चुकीचा दिला. मागचा पाय जमिनीवर टेकला होता. वाचनाला बसलं की पोरांसमोर तेच निघन."

"मी तर एकदा समोर पाचच गडी असताना बोनस दिला होता. सहा लागतात हे सगळ्यांना शिकवणारा मीच," गुरुजी म्हणाले. "पण एक आत्ताच सांगून ठेवतो. तिसऱ्या रविवारी आलास तर शिटी तुझी. नाही आलास तर या मोसमात ती दुसऱ्याच्या गळ्यात. मी राग धरणार नाही आणि अटही बदलणार नाही."

तिसऱ्या रविवारी तो आला नाही. एका भेटीत माणूस बदलतो असं आपल्याला फार वाटतं, पण लाज इतक्या लवकर सुटत नाही. तिन्ही रविवारी नुसतं बघायला येणाऱ्या कॉलेजच्या एका मुलीला गुरुजींनी त्याच्या जागी उभं केलं.

मंडईच्या दिवशी तो वेळेवर हजर झाला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिटी. आयोजकही म्हणाले, "आला आहे तं घ्या ना त्याले!" गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज बसून बघ."

शेवटच्या सामन्यात गुण बरोबरीत आणि तीन मिनिटं उरलेली. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, त्यामुळे या तिसरीत गुण मिळाला नाही तर चढाईवालाच बाद. समोर सहा गडी. त्याने बोनस रेषेपलीकडे पाय टाकला, त्याच क्षणी हात कोपऱ्याकडे फेकला आणि उडी मारून परतला. मुलगी फक्त पाय बघत होती. मागचा पाय टेकलेला, बोनस नाही. समोरचा पंच फक्त हात बघत होता. कोपऱ्यातल्या गड्याला स्पर्श झाला होता. गुरुजींनी दोघांकडे पाहून एक बोट वर केलं. दोन्ही संघांतून एकही आवाज उठला नाही.

थोरला पंच रेषेच्या अगदी जवळ बसला होता. पाय त्याला स्वच्छ दिसला होता. हात दिसलाच नव्हता.

संध्याकाळी तो गुरुजींकडे आला. "आता येऊ का?"

"या मोसमाची शिटी दिलेली आहे. पण उद्या सकाळी सहाला शेजारच्या गावी मैदान आखायचं आहे, दोर धरायला माणूस हवा."

धुकं होतं. सहाच्या आधी तो तिथे उभा होता. 13 मीटर लांबी, 10 मीटर रुंदी मोजून चार खुंट्या ठोकल्या. मग कर्णाचा दोर ताणला, एक टोक त्याच्या हातात, दुसरं त्या मुलीच्या. पहिला कर्ण 16 मीटर 40 सेंटिमीटर, बरोबर. दुसऱ्या कर्णाला दोर वीतभर कमी पडला. मुलगी गोंधळून आपल्या खुंटीकडे बघू लागली.

तो वाकला, रेषेवरून नजर टाकली. "तुझी नाही, माझी खुंटी चुकली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि ती उपटून पुन्हा ठोकायला बसला.