शेष राहिलेला रस

इंग्लंडात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने गेल्या आश्विनात पत्र लिहून विचारले की, घरी आंबवलेला सफरचंदाचा रस फेसाळ व्हावा म्हणून बाटलीत बंद केला असता ती बाटली घरातच फुटू नये, यासाठी कोणती तजवीज करावी. यवतमाळला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यात आजोबा वैद्यकी करीत आणि आसवारिष्टांची संधाने माजघरात होत, हे आईकडून ऐकलेले असल्यामुळेच त्याने मामाला विचारले असावे.

तूप चोळलेले मडके, पाऊण भागापर्यंतच भरलेले द्रव्य, त्यात गूळ आणि धायटीची फुले, तोंडाला मातकापड, अशी ती व्यवस्था असे. आणि महिनाभराने मातकापड सोडून आजोबा पेटती वात मडक्याच्या तोंडाशी नेत. वात विझली तर आत कार्बन डायऑक्साइड वायू अद्याप निर्माण होत आहे असे समजावे, तेवत राहिली तर संधान सिद्ध झाले असे मानावे, हा परंपरेचा दंडक. एका पौषात वात निश्चल तेवली म्हणून आसव बाटल्यांत भरून बुचे घट्ट बसवली गेली, आणि वैशाखातल्या एका दुपारी फडताळातली एक बाटली अशी फुटली की काचेचा तुकडा देव्हाऱ्याच्या चौकटीत रुतून बसला. आजोबा एवढेच म्हणाले, "रस उरला होता."

थंडीने किण्व निद्रिस्त झाले होते. साखर मात्र तशीच होती. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात निराहार मनुष्याचे विषय निवृत्त झाले तरी मागे जे राहते त्याला हाच 'रस' शब्द योजला आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ मला भाष्यांपेक्षा त्या फुटलेल्या बाटलीने अधिक स्पष्ट करून दिला. आपण ज्याला इंद्रियनिग्रह म्हणतो तो पुष्कळदा पौषातला असतो: प्रतिकूल ऋतूमुळे शांत झालेल्या मनाला आपण सिद्ध समजतो, त्यावर व्रताचे बूच ठोकतो, आणि पुढे ऊब लाभताच जे उसळते त्याचा दोष उन्हाळ्याला देतो. वात केवळ आज काय घडत आहे ते सांगते. आत काय शिल्लक आहे, ते सांगत नाही.

मग रस निःशेष करावा काय? संन्याशाचा मार्ग तोच असेल. परंतु पूर्ण आंबलेल्या पेयाला फेस येत नाही, त्यासाठी साखर पुन्हा, पण मोजून, घालावी लागते. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात या मापाअभावी बाटल्या इतक्या फुटत की तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी मुखवटे घालीत. १८३६ च्या सुमारास शालों येथील फ्रान्स्वा नावाच्या औषधविक्रेत्याने बाटली बंद करण्यापूर्वी साखर मोजण्याची रीत घालून दिली, आणि तो नाश पुष्कळ आटोक्यात आला. गृहस्थधर्म मला असाच वाटतो. भोग वर्ज्य नाही, परंतु तो जुन्या तृष्णेचा अवशेष नसावा. पात्राचे बळ ओळखून, जाणीवपूर्वक दिलेला असावा.

भाच्याला मी लिहिले की घनतामापीचे माप उबदार खोलीत आठवडाभर बदलले नाही, तरच पुढे जा; लिटरमागे सहा ग्रॅमांहून अधिक साखर घालू नकोस; सरबताच्या पातळ बाटल्या टाळून दाब सोसणाऱ्या जाड बाटल्याच घे, आणि एक प्लास्टिकची सोड्याची बाटली सोबत भर, म्हणजे ती दाबून पाहताच आतला दाब कळेल. ती कडक झाली की साऱ्या बाटल्या थंडीत हलव. तोवर झाकणाच्या लाकडी पेटीत, माणसांच्या वावरापासून दूर ठेव. वीस अंशांना पाण्यात जितका हा वायू मुरतो, त्याच्या जेमतेम निम्मा आमच्या वैशाखातल्या पंचेचाळीस अंशांना मुरतो. उरलेला सारा काचेवर जोर करतो. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अंमल असून परवान्यावाचून घरी मद्य करणे हा गुन्हा आहे, हेही लिहिले. सुटीत इकडे येऊन प्रयोग करण्याचा विचार त्याने करू नये.

त्याचे उत्तर काल आले. माप अजून उतरते आहे, आणि त्याने बूच लावलेले नाही.